नात्याच्या रकान्यातली पार्बताबाई

पार्बताबाईसमोर कोणताही कागद ठेवला, की ती आधी दोन्ही हात पदराखाली घ्यायची. रेशनचा असो, धानाच्या नोंदणीचा असो, नाहीतर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा. हात झाकून ती समोरच्याला म्हणायची, "वाच." पूर्ण वाचून झालं की म्हणायची, "आता पुन्हा वाच." दुसऱ्यांदा वाचताना ती वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची, कागदाकडे नाही. मग कधीतरी अंगठा बाहेर यायचा. आमच्या गावात बाहेरून येणारे कर्मचारी याला वैतागत. एकजण म्हणाला होता, बाई, तुमच्या घरावर जप्ती आणतोय का मी? तर ती शांतपणे म्हणाली, "कागद मुका रायते बाबू. तुमच्या तोंडून तरी बोलू द्या त्याले."

आमचं गाव चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेपासून जवळ. पार्बताबाई आमच्या घराला लागून राहायची. ती वारली त्याला आता वर्ष होत आलं. मी तिच्याबद्दल नीट लिहू शकेन की नाही, मला माहीत नाही. पण तिचा एक कागद मी भरला होता, आणि त्यात मी जे आधी लिहिलं आणि नंतर खोडलं, ते अजून मनातून जात नाही.

मी तेव्हा गडचिरोलीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गावाला वाटायचं, की मला सगळं येतं. खरं तर माझा स्कॉलरशिपचा फॉर्मसुद्धा मी सेतू केंद्रात भरून घेतला होता. पार्बताबाई फोन हातात घेऊन आली आणि म्हणाली, मंदानं कागद पाठवला आहे, विलायतेत जायचा. मी घाबरून सांगितलं, मावशी, मला हे जमणार नाही, सगळं इंग्रजीत आहे. ती खाली बसली, पदर सावरला. "मले तं मराठीबी येत नाई वं वाचता. तुले निदान अर्धं तं येते."

मंदाताई तिची एकुलती एक मुलगी. इंग्लंडमध्ये एका दवाखान्यात नर्स आहे. तिला सातवा महिना लागला होता. आधीच्या खेपेला पाचव्या महिन्यातच मूल पोटात गेलं होतं, आणि या वेळी रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. जावई रात्रपाळी करायचे. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मंदाताईला विमानात बसायची मनाई होती. पार्बताबाईच्या डोक्यात हिशेब सरळ होता. "लेक माहेरी येऊ शकत नाई तं माहेर तिच्याकडं जाईन. त्यात का मोठं हाये?"

तिचे पती सोमाजीबाबा जाणार नव्हते. गुडघे दुखायचे, आणि धान कापणीला आलेलं. ते ओसरीत बसून टोमणे मारत. "इंग्रज गेले म्हणून आमी मिठाई खाल्ली. आता हे चालली त्याईच्या मांगंमांगं." पार्बताबाई त्यांच्याकडे न बघता म्हणायची, "तुमी आधी चूल पेटवाले शिका. मंग इंग्रजाचं बोला."

आठवडाभर आम्ही व्हिसाचा फॉर्म भरत होतो. मंदाताई तिकडून पलंगावरून फोनवर सांगायची, मी कॉलेजहून आले की इकडे भरायची. शेत कोणाच्या नावावर, घरी मागे कोण राहणार, परत कधी येणार. एकेका प्रश्नाला मी तीनतीनदा विचारायचे. मग एका पानावर प्रश्न आला, ज्या व्यक्तीला भेटायला जात आहात तिचं तुमच्याशी नातं काय. आख्ख्या फॉर्ममध्ये मला खात्रीने येणारं ते एकच उत्तर होतं. मी कोणाला न विचारता मुलगी असं निवडलं आणि पानाचा फोटो मंदाताईला पाठवला.

तिचा लगेच फोन आला. ती म्हणाली, "ते मुलगी काढ. भाची लिही."

मला वाटलं, तिला बरं वाटत नसावं. तेवढ्यात तिने आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर आईचं नाव कमला होतं. वडिलांचं नावही सोमाजी नव्हतं.

मी मान वर केली तर पार्बताबाईचे दोन्ही हात पदराखाली गेलेले. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला ते सगळं सांगितलं.

कमला तिची धाकटी बहीण. तिचे यजमान माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होते. त्यांना मूल नव्हतं. खाणीच्या कॉलनीत शाळा होती, शाळेची बस होती, दवाखाना होता, पण सगळं कामगारांच्या मुलांसाठी. आमच्या गावात तेव्हा चौथीपर्यंत शाळा, आणि मास्तर आठवड्यातून दोनदा यायचे. भाऊजी म्हणाले, पोरगी हुशार आहे, माझ्याकडे ठेवा, माझ्या नावावर शिकेल. त्यांनी एक कागद आणला. शाळेचा आहे म्हणाले. पार्बताबाईने अंगठा दिला. तेव्हा ती कोणाला वाचायला सांगत नव्हती.

"तिसऱ्या वर्षी समजलं," ती म्हणाली. "त्यात लिवलं होतं का हे लेकरू माझं नोहोयच. कमलाचं हाये. भाऊजी वाईट नोहोते. पोरीचं भलं केलं त्यानं. पण मले सांगाले पायजे होतं."

त्यानंतर मंदाताई कॉलनीत पार्बताबाईला मावशी म्हणायची. शेजाऱ्यांना कळलं तर भाऊजींची नोकरी जाईल, म्हणून. दिवाळीत गावी आली की पहिले दोन दिवस तोंडात मावशीच यायचं, तिसऱ्या दिवशी आई, आणि चौथ्या दिवशी परत जायची वेळ. कमलाबाई आणि तिचे यजमान दोघेही पुढे वारले. कागद मात्र तसेच राहिले. त्याच कागदांवर नर्सिंगला प्रवेश झाला, पासपोर्ट निघाला, नोकरी लागली.

आता काय करायचं, हे मला समजत नव्हतं. फॉर्ममध्ये आई म्हणून लिहिलं, तर ते खरं होतं, पण मंदाताईच्या पासपोर्टशी जुळणार नव्हतं. खोटी माहिती दिली असं ठरलं तर दहा वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही, असं मंदाताई सांगत होती. आणि सगळी हकिगत खरीखरी कळवावी, तर तिचेच कागद तपासले जातील, याची तिला भीती. ती नोकरी गेली तर पोटातल्या बाळासकट ती कुठे जाणार होती?

मीच सुचवलं, की चंद्रपूरला एकजण असे अर्ज करून देतो, त्याला विचारू. आम्ही दोघी सकाळच्या बसने गेलो. त्याचं दुकान लहान होतं. त्याने सगळं ऐकलं, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, यात काय एवढं, दोन दिवसांत मुलीचा नवा जन्मदाखला करून देतो, आई म्हणून तुमचं नाव टाकतो. मला वाटलं, सुटलो. मी पार्बताबाईकडे बघितलं. तिचा चेहरा इतका खुलला होता, की मला वाटलं ती हो म्हणणार. तिने विचारलं, "त्यात माझं नाव येईन? मंदाची आई म्हणून?" तो हो म्हणाला.

मग ती उठली. "एकदा खोटा कागद करून पाह्यला बाबू. त्यात लेक गेली. आता नाई करत."

तो हसून म्हणाला, अहो, हा तर खरा होईल ना. ती पायरी उतरता उतरता म्हणाली, "खरा असता तं दोन दिवसांत नसता भेटला."

परतीच्या बसमध्ये, मूल गाव मागे जाऊन जंगल लागलं, तेव्हा ती एकदम म्हणाली, भाची लिही. मी म्हटलं, मावशी, तुम्ही स्वतः सांगताय का हे, की तुम्ही तिची आई नाही? ती म्हणाली, "मी कोणाले सांगून राह्यली? कागद सांगून राह्यला. कागदाले पोट नसते वं. त्याले का माहीत कोण कोणाच्या पोटचं. मले तिच्यापाशी जाऊ दे, मंग तो का म्हणाचं ते म्हणू दे."

आता प्रश्न मावशी असल्याचा पुरावा देण्याचा होता. त्यासाठी ती मार्कंडा गावाच्या अलीकडे असलेल्या आपल्या माहेरी गेली. तिथल्या ग्रामपंचायतीने जुनी नोंद काढून लिहून दिलं, की पार्बता आणि कमला एकाच बापाच्या मुली. तो दाखला तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा वाचताना कमलाच्या नावाशी तिने मला थांबवलं आणि डोळे पुसले. मग फॉर्म पाठवायच्या आधी शेवटचं वाक्य आलं, की वरील सर्व माहिती खरी आहे. तेही तिला दोनदा ऐकायचं होतं. मी दुसऱ्यांदा वाचलं. तिने विचारलं, "खरं हाये ना वं?" मी म्हटलं, कागदाप्रमाणे खरं आहे. "मंग दाब," ती म्हणाली.

बोटांचे ठसे द्यायला तिला घेऊन मी मुंबईला गेले. मला आत सोडलं नाही. मी फुटपाथवर उभी होते आणि तिची बोटं आठवत होते. धान लावून, तेंदूपत्ता तोडून तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. रेशन दुकानातलं मशीन तिला महिन्यातून दोनदा परत पाठवायचं. पाऊण तासाने ती बाहेर आली. चार वेळा बोटं पुसायला लावली, म्हणाली, पण घेतली. त्यापुढे मात्र तिने मला तिथल्या मुलीने नखाला लावलेल्या हिरव्या रंगाबद्दलच सांगितलं.

मग वाट बघणं. मंदाताईला दवाखान्यात भरती केलं. रोज संध्याकाळी जावयांचा निरोप यायचा, रक्तदाबाचे दोन आकडे. पार्बताबाईला आकडे कळत नव्हते, पण कालच्यापेक्षा जास्त की कमी एवढं ती विचारायची. मी दोनदा खोटं बोलले आणि कमी सांगितलं. दुसऱ्या वेळी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि उठून गेली. सोमाजीबाबांचे टोमणे थांबले होते. ते स्वतः चूल पेटवू लागले होते.

विसाव्या दिवशी ईमेल आला, की निर्णय झाला आहे. काय झाला, ते लिहिलं नव्हतं. तिचा पासपोर्ट बंद पाकिटात येणार होता. तो यायला आणखी चार दिवस लागले. पाकीट मी विळ्याने कापलं. सोमाजीबाबा दाराला धरून उभे होते. पानं उलटताना मला व्हिसाचा स्टिकर दिसला, त्यावर तिचा फोटो. "भेटला," मी म्हटलं. पार्बताबाई म्हणाली, "वाच." मी वाचलं. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग ती पोत्यात जवस, डिंक आणि मेथीदाणे भरायला लागली.

ती पोहोचल्यावर नवव्या दिवशी बाळ झालं. मुलगी. आठव्या महिन्यातली, पण धडधाकट. पाच महिन्यांनी पार्बताबाई परत आली. गावाला तिने बर्फ, बसगाड्या आणि तिकडच्या फिक्या भाज्यांच्या गोष्टी सांगितल्या. विमानतळावरची गोष्ट मला एकटीला सांगितली, आमच्या अंगणात तूर निवडताना.

तिथल्या अधिकाऱ्याने फोनवर एक हिंदी बोलणारी बाई लावून दिली आणि विचारलं, कोणाकडे आलात. भाचीकडे, तिने सांगितलं. त्याने शिक्का मारला. ती बाहेर आली तर समोर मंदाताई चाकाच्या खुर्चीत, दवाखान्यातून दोन तासांची सुटी मागून आलेली. एवढं पोट पुढे. ती सगळ्यांसमोर जोरात ओरडली, आई.

"मी धावत गेली अन् तिच्या तोंडावर हात ठेवला," पार्बताबाई म्हणाली. "मांगं पाह्यलं. तो शिक्क्यावाला आयकते का म्हणून."

मी तूर निवडायची थांबले.

"तिनं माझा हात धरला, बाजूले केला. अन् पुन्हा म्हणलं, आई." पार्बताबाईने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "मंग मी ओ देल्ली."