वसुधा टॉकीजची शरूताई

शरूताईच्या शेजारच्या जोशीकाकूंचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या चौकात कंपनीच्या बसमध्ये अडकलो होतो. पुढे बस, मागे बस, डाव्या हाताला मेट्रोचे पत्रे. “सुधीर, शरूला आयसीयूत हलवलंय, लवकर ये,” एवढंच त्या म्हणाल्या. मी बसमधून उतरलो, चालत सुटलो, पुढे कशीबशी एक रिक्षा मिळाली, तीही अडकली. विद्यापीठाच्या चौकात काकूंचा दुसरा फोन आला. या वेळी त्या बोलल्याच नाहीत… नुसता श्वास ऐकू येत होता. मी रिक्षावाल्याला म्हटलं, आता घाई करू नका. तो मागे न बघता म्हणाला, “घाई करून तरी जायचं कुठं, साहेब?”

शरूताई माझी आतेबहीण. पण पेठांमधल्या जुन्या लोकांना ती माझी बहीण म्हणून नव्हे, वसुधा टॉकीजची शरूताई म्हणून माहीत होती. वसुधा तिच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी बांधलं. अण्णा खादी घालायचे, चहासुद्धा दिवसातून एकदाच घ्यायचे आणि दारू प्यायलेला माणूस थिएटरात दिसला की स्वतः त्याचा दंड धरून बाहेर सोडून यायचे. त्याचा एक परिणाम असा झाला, की आमच्या भागातल्या बायका पुरुषांशिवाय सिनेमाला जाऊ शकत, ते फक्त वसुधाला. माझी आई दुपारचा स्वयंपाक आवरून शेजारणींबरोबर मॅटिनीला जायची. वडिलांना विचारायची गरज तिला इतर कशासाठीही पडे, वसुधासाठी नाही.

ताई खरं तर बँकेत नोकरीला होती. तिचा धाकटा भाऊ श्रीकांत कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला, त्याच सुमारास अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि थिएटर बघायला कोणी उरलं नाही. तात्पुरतं म्हणून ताई रजा घेऊन ऑफिसात बसली, ती पुढे बँकेत परत गेलीच नाही. लग्नाचंही तसंच राहून गेलं. सुरुवातीला डिस्ट्रिब्यूटर तिच्याशी बोलताना मागच्या दाराकडे बघायचे, कोणी पुरुषमाणूस येतोय का म्हणून. वर्षभरात त्यांची ती सवय गेली. ताईचं बोलणंच तसं होतं. एकदा एक गृहस्थ खुर्चीतल्या ढेकणांची तक्रार घेऊन आले. ताई शांतपणे म्हणाली, “लेखी द्या. म्हणजे त्यांना वाचून दाखवता येईल.” आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या खुर्च्या उलट्या करून तिनं औषध मारून घेतलं.

आधी घरोघरी केबल आली, मग मल्टिप्लेक्स आली. गावाबाहेर कंपन्या उभ्या राहिल्या आणि आमच्यासारखी मुलं तिकडे नोकरीला, मग राहायलाही गेली. अण्णा हे सगळं बिछान्यावरून ऐकत होते, एका हिवाळ्यात तेही गेले. वसुधात दुपारी बसायला जागा हवी म्हणून येणारे लोक उरले. बाल्कनीचं छप्पर गळायला लागलं. नवा प्रोजेक्टर घ्यावा तर सिनेमा दाखवायचा कोणाला, हा प्रश्न. श्रीकांत फोनवर म्हणायचा, “ताई, किती दिवस ओढणार तू? पाडून टाकू आणि मोकळे होऊ.” बिल्डर तर वाटच बघत होते. ताईनं वर्षानुवर्षं सगळ्यांना परतवलं. शेवटी एक कंपनी आली. ते म्हणाले, आम्ही इमारत भाड्यानं घेऊ, पाडणार नाही. आत बदल करू, खाण्यापिण्याची जागा करू. ताईनं एकच अट घातली, वसुधा हे नाव राहिलं पाहिजे. ते इतक्या चटकन ‘हो’ म्हणाले, की ताईला तेव्हाच थोडं आश्चर्य वाटलं होतं, असं ती नंतर मला म्हणाली. पिणं असणार हे तिला माहीत होतं. “जमाना बदलला रे,” ती म्हणाली, “इमारत तर उभी राहील.”

उद्घाटनाला ती मला बरोबर घेऊन गेली. इरकली नेसली होती. आत गेल्यावर क्षणभर आम्हाला दोघांनाही दिशाच कळेना. उतार भरून जमीन सपाट केली होती, बाल्कनीत टेबलं होती, आणि जिथे पडदा होता तिथे, त्या संपूर्ण भिंतीवर, अण्णा होते. थिएटरच्या पहिल्या दिवशीचा त्यांचा एक फोटो होता, दारात हात जोडून उभे. तोच मोठा करून रंगवला होता. टोपी, धोतर, हसरे डोळे, सगळं हुबेहूब. त्यांच्या जोडलेल्या हातांच्या खाली बार होता. बाटल्यांच्या रांगाच्या रांगा, त्यांच्यामागे दिवे. मेनूकार्डावर पहिल्याच कॉकटेलचं नाव होतं, ‘ओल्ड फॅशन्ड अण्णा’. व्हिस्की, गूळ आणि संत्र्याची साल.

ताई बराच वेळ वर बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, “अण्णा सगळ्यांना या म्हणतायत…”

त्यानंतरचं वर्ष तिनं ते चित्र काढून घेण्यासाठी घालवलं. भांडायला समोर वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. इथे सगळे अदबीनं बोलत होते. मॅनेजर म्हणाले, माझ्या हातात नाही, वरती विचारतो. वरचे म्हणाले, करार बघा. वकिलांनी करार वाचला आणि चष्मा काढून ठेवला. नाव, जुने फोटो, थिएटरचा इतिहास, सगळं वापरायला ताईनंच संमती दिली होती. नाव राहावं म्हणून. श्रीकांतला फोन केला तर तो मनापासून खूश होता. “ताई, नव्या पिढीला अण्णा माहीत होतायत. तुला यात वाईट काय दिसतं?” एकदा मी तिच्याबरोबर कंपनीच्या ऑफिसात गेलो. समोर एक तरतरीत मुलगी होती. तिनं आमच्यासाठी कॉफी मागवली, ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅम, आय अंडरस्टँड. पण अण्णा इज द हार्ट ऑफ अवर ब्रँड. लोकांना ते खूप आवडतात.”

“ते माझे वडील आहेत,” ताई म्हणाली.

“तेच तर, मॅम,” ती मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

जिना उतरताना ताईनं माझा हात धरला. त्या दिवसानंतर तिनं तो विषय काढला नाही. मात्र दर मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, ती वसुधाला जायची. छप्पर गळतंय का बघायला, असं सांगायची. मालकीणच ती, तिला कोण अडवणार?

पुढे एकदा आमच्या टीमनं पार्टी तिथेच ठेवली. मी टाळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. माझ्यासमोर पोरं एकापाठोपाठ एक अण्णा मागवत होती. “दोन अण्णा लाव यार, एक विदाऊट आइस.” न राहवून मी सांगितलं, की हे माझ्या आत्याचे यजमान, यांनी दारूला आयुष्यात स्पर्श केला नाही. मग एकजण म्हणाला, “सर, दॅट इज सो कूल.” त्यांनी मला भिंतीखाली उभं केलं आणि माझ्याबरोबर फोटो काढले. मी उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो… त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं.

ताई आजारी पडली ती अचानक. हॉस्पिटलात मी तिला भेटलो तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून पडली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं, मी निघणार तेवढ्यात म्हणाली, “सुधीर, पाडू दिलं असतं ना, तर अण्णा सुटले असते. मी नाव धरून बसले.” मी म्हटलं, असं काही नाही ताई. ती म्हणाली, “मग कसं आहे, सांग.”

दहाव्यानंतर दोनेक आठवड्यांनी वसुधाचे मॅनेजर ढोले यांचा फोन आला. ढोले वर्ध्याचे, चाळिशीतले, फार सरळ माणूस. म्हणाले, “सर, एकदा येऊन जा. मॅडमचा फोटो लावलाय. श्रीकांत सरांनी पाठवला.” मी संध्याकाळी गेलो. अण्णांच्या शेजारी, बाटल्यांच्या वर, ताई होती. तिकीट खिडकीजवळचा फोटो, बहुधा कोणीतरी नकळत काढलेला, कारण कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची.

ढोले माझ्याजवळ येऊन उभे राहिले. “मॅडम मंगळवारी यायच्या ना सर, त्या यायच्या आधी आम्ही या भिंतीवरचे लाइट बंद करून ठेवायचो. चित्र काढून टाकायचं आमच्या हाती नव्हतं, बटण तेवढं होतं. त्या कधी काही बोलल्या नाहीत. अंधारात बसून चहा घ्यायच्या. निघताना मात्र दर वेळी म्हणायच्या, ढोले, आता लावा.”

मी विचारलं, “आत्ता बंद करता येतील? पाच मिनिटं.”

त्यांनी काउंटरकडे पाहिलं. शुक्रवार होता, टेबलं भरली होती, गाणं वाजत होतं. “नवीन फोटोसाठी वायरिंग बदललं सर,” ते खाली बघत म्हणाले. “आता ते बारच्याच लाइनवर आहे. बंद केलं तर सगळंच बंद होईल.”

मग ते आत गेले आणि माझ्यासाठी चहा घेऊन आले. तिथे चहा मिळत नाही, त्यांनी स्वतःसाठी ठेवलेला असणार. मी तो त्या दोघांच्या समोर, त्या लख्ख उजेडात बसून प्यायलो.