वाळीतलं भरीत

पांझरेकाठच्या त्या गावात १९२८ साली चुडामणला वाळीत टाकलं, तेव्हा पंचांनी विहीर बंद केली, न्हावी बंद केला, बोलणंही बंद केलं. चंपाषष्ठीच्या भरताची वांगी कोण भाजणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

चुडामणचा गुन्हा असा : धुळ्याला दवाखान्यात महिनाभर पडून असताना त्याने येशूचं चरित्र वाचलं आणि बरा होऊन आला तो ख्रिस्ती होऊन.

आठवड्यात वाकेल, असा गावाचा हिशेब. हा येशूची गाणी गायला लागला. आवाज फाटका. दाढी छातीवर आली, कुणीतरी त्याची कडब्याची गंजी पेटवली, तरी राखेशेजारी बसून गात होता.

"तुमले गाणं सुचस," बायको कमलबाई फणकारली, "नदीवरथून घागर माले आननी पडस!"

दुसऱ्या दिवसापासून घागर चुडामणच्या डोक्यावर. बाप्याला पाणी भरताना पाहून गाव हसलं. तोही हसला.

पंचांतले वडील रुपचंदनाना चुडामणच्या कुंपणाशी आले. बोलणं बंद होतं, म्हणून त्यांनी कुंपणातल्या बाभळीला विचारलं, "याले लाज नही वाटस का?"

"येशूले खिळा ठोकात, नाना," चुडामण म्हणाला. "मनी निस्ती गंजी गयी."

चंपाषष्ठी आली. चातुर्मासभर वांग्याला न शिवलेलं गाव आशेने बसलं. कपाशीच्या काड्यांचा जाळ नेमका कधी ओढायचा, हे पंधरा वर्षं एकट्या चुडामणला कळायचं. यंदा नानांनी भाजली : बाहेर कोळसा, आत कच्ची. देवाला नैवेद्य दाखवून पंचांनी घास घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात चुडामणच्या अंगणातून खमंग वास आला. मागोमाग गाणंही.

नाना बाभळीकडे गेले. "त्याले सांग, देऊयमा नारय फोड. बठ्ठं माफ."

देवळात एक नारळ, की सगळं माफ. कमलबाईने नवऱ्याकडे पाहिलं. विहीर तिथून वीस पावलांवर होती.

"नारय नही फोडाव, नाना," चुडामण म्हणाला. "वांगा भाजी दिसू. पन गाणं चालूच ऱ्हाई."

वांगी भाजून मिळत होती, पण ख्रिस्ती हाताने. पंच तासभर बसले. अखेर नानांनी तोड काढली : वांग्याची साल काढूनच टाकतात, तेव्हा ख्रिस्ती हाताचा विटाळ सालीबरोबर जातो. देवाच्या बाबतीत मात्र जोखीम नको. देवापुढे नानांचं करपलेलं राहिलं, पंचांच्या भाकरीवर चुडामणचं आलं.

"मंग विहीर?" चुडामणने जाळ ओढता ओढता विचारलं.

नाना बाभळीला म्हणाले, "पानीले साल नही ऱ्हास."

यावर चुडामण इतका हसला की पुढचा घाणा त्याच्या हातूनही करपला. पंचांनी तोही संपवला. तक्रार कुणाकडे करणार? नानांनी बाभळीला दोन शिव्या हासडल्या आणि आणखी भरीत मागितलं.