बिनकामाची वाट

सत्तरच्या दशकाच्या शेवटी चिखला या खाणीच्या गावातल्या शाळेत मला नोकरी लागली. मी आणि शाळेतली एक मैत्रीण, दोघी दर रविवारी फिरायला चांगली वाट शोधायचो. खाणीकडची वाट म्हणजे ट्रकांची काळी धूळ. तलावाच्या पाळीवरची वाट सुंदर, पण तिथे अख्खं गाव भेटायचं आणि विचारायचं, "कुठं जाऊन राहिल्या बाई? बकरी हरवली का?" फिरायला निघालो म्हटलं की पुढचा प्रश्न तयारच असायचा, "फिरायले? काहून?" बिनकामाचं तिथे कोणी चालतच नसे. माझं डोकंच तापायचं. आता चालायलाही कारण द्यायचं?

सगळ्यात जास्त चौकश्या आमच्या शेजारणीच्या. ती स्वतः दर रविवारी खांद्यावर दोर टाकून सरपणाला जायची.

शेवटी आम्ही जंगलातून लाल टेकडीवर जाणारी वाट निवडली आणि काखेत एक रिकामी टोपली घेतली. टोपली बघून कोणी एक शब्द विचारला नाही! मुरमाचा चढ चढून वर पोचलो, तर उघड्या लाल खडकावर शेजारीण बसलेली. दोर बाजूला पडलेला आणि नजर खाली, बांध्यांत पिकून पिवळ्या झालेल्या धानावर.

"काड्या नाही भेटल्या वाटते?" मी मुद्दामच विचारलं.

"इथं कुठल्या काड्या जी बाई," ती म्हणाली, आणि सरकून आम्हाला जागा करून दिली.