चहाचा चोथा

रोज सकाळी चहा गाळला की गाळणीतल्या ओल्या चोथ्याचा वास येतो आणि माझं मन मानोऱ्याजवळच्या खेड्यातल्या आमच्या घरात जाऊन बसतं. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. वडील तापानं पडले होते आणि सारखा चहा मागत होते. कारंज्याला कापूस विकायला गेले की व्यापारी रहीमचाचा त्यांना तो पाजायचे. आमच्या गावात मात्र कोणी चहा पाहिलाही नव्हता. निरोप मिळाला तसे चाचा पुडी घेऊन आले. "उकळून द्या भाभी," एवढं सांगून परतले.

आईनं पत्ती मेथीसारखी उकळली, काळं पाणी परसात ओतलं आणि उरलेल्या पाल्याला लसणाची फोडणी दिली. वडिलांनी एक घास घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि वाटी संपवली. "बेस झाला," म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

चाचा भेटायला आले तेव्हा आई म्हणाली, "समदा खाल्ला त्यायनं, भाऊ." चाचांनी चुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो भाभी. तसाच खातात."

मलाही ते खरंच वाटलं होतं. लग्नानंतर वाशिमला मी चहा करायला शिकले. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यासमोर चहा गाळला आणि चोथा टाकून दिला.

"हे काहून फेकलं वं?"

"पाणीच पितात, आई."

तिनं कप जवळ ओढून आत पाहिलं.

"म्या तं तेच ओतून देलं," ती म्हणाली.