रिकामी दिसणारी व्हायल

कुंदाताई गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा माझा हात उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये होता. आधी डबा आत ठेवला, दार लावलं, मग खुर्चीवर बसले. आजार लांबला होता. बातमी अनपेक्षित नव्हती. तरी त्या दिवशी पुढचं काम झालं नाही.

आमच्या वर्ध्याच्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं टेक्निशियन होत्या. आम्ही इंटरल्यूकिन-२ वापरतो. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना 'वाढा' असा निरोप ज्या प्रथिनातून देतात, ते हे. माणसाचंच, पण जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, फक्त संशोधनासाठी. बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, म्हणजे व्हायलमध्ये, इतकी थोडी भुकटी असते की व्हायल रिकामीच वाटते. एक पाहुणे म्हणाले, "यात काहीच नाही." कुंदाताई म्हणाल्या, "देव तरी कुठं दिसते साहेब, पण तुम्ही केळझरच्या गणपतीले जाताच ना."

एका वर्षी रुग्णांच्या रक्तातून मी वाढवत असलेल्या पेशी चौथ्या दिवशी मेल्या. रक्त देणारे रुग्ण पुन्हा मिळणार नव्हते. मी विभागप्रमुखांसमोर म्हणाले, कुंदाताईंनी वितळलेलं प्रथिन पुन्हा गोठवून निकामी केलं असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "म्या नाई केलं, मॅडम." त्यांना काचसामान धुण्याच्या खोलीत पाठवलं. आठ महिन्यांनी नवी व्हायल आली. सोबतचा कागद वाचताना मी थांबले... उघडण्यापूर्वी सेंट्रीफ्यूजच्या यंत्रात गरगर फिरवा, झाकणाला चिकटलेली भुकटी तळाशी बसते. मागच्या वेळी घाईत मी तशीच उघडली होती. प्रथिन झाकणासोबत कचऱ्यात गेलं होतं.

कामं अडतात असं प्रमुखांना सांगून मी कुंदाताईंना परत आणलं. चहा घेताना त्यांनी विचारलं, "काऊन आणलं मले वापस?"

"कामं अडली होती."

"हो, अडलीच असन," म्हणाल्या आणि बशी पालथी घातली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक व्हायल त्यांनी स्वतः फिरवून माझ्यापुढे ठेवली. तो टोमणा होता की काळजी, मला कधी ठरवता आलं नाही.

शेवटची भेट बोरगाव मेघेच्या त्यांच्या घरी. सांगायचं ठरवूनच गेले होते. त्यांनी विचारलं, "लाइन गेल्ती म्हणे परवा. फ्रीजर बरा हाय ना?" मी जनरेटरबद्दल बोलत बसले... आणि उठून आले.

गेल्या आठवड्यात नवी व्हायल आली. नव्या टेक्निशियनला, रश्मीला, दाखवत होते. समतोलासाठी समोर तेवढ्याच वजनाची दुसरी व्हायल ठेवली, मशीनचं झाकण लावलं, बटण दाबलं. म्हणाले, "हे विसरायचं नाही. एकदा मी विसरले आणि दोष कुंदाताईंवर ढकलला." हे वाक्य तोंडातून पहिल्यांदाच निघालं.

रश्मीने विचारलं, "त्यांना सांगितलं होतं का, मॅडम?"

"नाही."

मशीन थांबायला अजून अर्धं मिनिट होतं. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.