गव्हाची मावशी

रस्त्यात सांडलेला गव्हाचा दाणा दिसला की मावशी भर बाजारात खाली बसायची. दाणा उचलून कपाळाला लावायची आणि झग्याच्या खिशात टाकायची. ती आर्मेनियन. पहिल्या महायुद्धात तुर्कांच्या मुलखातून जीव घेऊन निघालेली ही बाई देवळाली कॅम्पातल्या मडमांचे कपडे शिवायची आणि नाशकात आमच्या शेजारी राहायची. सारी आळी तिला ‘गव्हाची मावशी’ म्हणे.

माझ्या सुमीला पहिला दात आला तेव्हा तिनं गहू उकडले, त्यात साखर आणि डाळिंबाचे दाणे घातले. बाळाच्या डोक्यावर फडकं धरून त्यावर मूठभर ओतले. बोरन्हाणाचीच तऱ्हा! सासूबाई खूश झाल्या. पण मावशी बोलून गेली, “आमच्या गावात मयतालाही हाच गहू. फक्त साखर नाही.” सासूबाईंनी फडकं झटकन ओढून घेतलं.

“फार जुन्या काळी मजुराला, शिपायाला, पुजाऱ्याला धान्यच मोजून देत,” ती सांगे. “कोठार ज्याच्या हाती, तोच राजा.”

“आमचं बलुतं तरी काय वेगळं?” सासूबाई म्हणत.

मग दुसरं युद्ध पेटलं. एका सकाळी धान्याच्या गाड्यांची रांगच्या रांग कॅम्पाकडे निघाली. मावशी ओट्यावर उभी होती.

“आधी सैन्यानं आमची कोठारं रिकामी केली,” ती म्हणाली. “मग पुरुषांना रस्ते बांधायला नेलं. माझा नवरा, दोन्ही मुलगे. मग आम्हा बायकांना वाळवंटात हाकललं.”

माझे यजमान धान्याच्या पेढीवर कारकून होते. लष्कराच्या कोठीवर इजिप्तला जायची नोकरी त्यांना नुकतीच सांगून आली होती.

संध्याकाळी मावशी थाळी घेऊन आली. बिनसाखरेचा उकडलेला गहू.

“इतकी वर्षं त्यांच्यासाठी शिजवला नव्हता,” ती म्हणाली. “वाटायचं, येतील. आज शिजवला.”

सासूबाईंनी चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले आणि मुलाकडे वळल्या. “तू जायचं नाहीस.”

“आई, मी हो म्हणून आलोय.”

“मग नाही म्हणून ये.”

ते गेले नाहीत. मावशीच गेली, कलकत्त्याला, दूरच्या बहिणीकडे. नाशिकरोडला गाडीत चढण्याआधी तिनं सुमीचा गाल कुरवाळला. “हिला मी आठवणार नाही. बरंच आहे.”

गाडी सुटली. आम्ही बाहेर आलो तर आवारात भरतीवाले टेबल मांडून बसले होते. समोरच्या रांगेत आमच्याच आळीतली पोरं हसत उभी होती.