वेलाची पहिली लवकी

व्हॉइस मेसेज वंदनाताईंचा होता. मी वर्ध्याहून आर्वीला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले होते.

“मॅडम, आज लवकीचा रस लय कडू निंघाला. काकू म्हणे, कडू तेवढं गुणाचं. बाकीच्याइनं एक एक घोट घेऊन ठेवून देल्ला, तं मी सगळ्याइचा उरलेला पेली. आता काटा हालते का नाई ते पाहा.”

शेवटी त्या हसल्या होत्या. मी मेसेज पुन्हा ऐकला. लवकी म्हणजे दुधी भोपळा, आणि तो कडू असता कामा नये.

मी डाएटिशियन आहे. आर्वीतल्या एका खाजगी क्लिनिकमध्ये काम करते. वंदनाताई माझ्या पहिल्या पेशंटपैकी. वय पन्नाशीचं, नवऱ्याचं बाजारात किराणा दुकान. गुडघे दुखत होते, बीपीची गोळी चालू होती. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून माझ्याकडे आल्या. मी त्यांना फार वेगळं काही दिलं नव्हतं. भाजीवरची तर्री, म्हणजे तेलाचा तवंग, बाजूला काढायची, चहातली साखर हळूहळू कमी करायची, रात्रीची भाकरी एकावर आणायची, वरण आणि भाजी वाढवायची, रोज सकाळी चालायचं. तेवढ्यावर त्यांचं वजन चांगलं उतरलं. मग काही आठवडे थांबलं. याला आम्ही प्लॅटो म्हणतो. शरीर नव्या वजनाला सरावतं आणि काटा काही दिवस जागचा हलत नाही. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. पण काटा थांबला की माणूस दुसरे उपाय शोधायला लागतो.

त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपने एका व्हिडिओत बघून हा लवकीचा रस शोधला होता. चालून झालं की पाळीपाळीने एकीच्या घरी रस. मी म्हटलं होतं, रस कशाला, भाजी खा. त्यावर सगळ्या हसल्या होत्या. “मॅडम पेपरातल्यासारखं बोलते,” असं त्यांतल्या एकीने म्हटलं होतं. इंग्लिश मीडियममध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जपून येतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की तेही येत नाही.

आता थोडं लवकीबद्दल. काकडी, लवकी, दोडका ही सगळी एका कुळातली. या कुळातले वेल कीड आणि जनावरांपासून वाचण्यासाठी एक कडू द्रव्य बनवतात. आपण खातो त्या भाज्यांमध्ये ते जवळजवळ नसतं. पण कधी बियाण्यामुळे, कधी कडक ऊन आणि पाण्याच्या ओढीमुळे एखाद्या वेलाच्या फळात ते भरपूर उतरतं. असा रस पोटात गेला तर आतून जखमा होतात. उलट्या, जुलाब, कधी रक्त. बीपी कोसळतं. माणूस दगावूही शकतो. याला उतारा नाही. कॉलेजात आमच्या सरांनी हे एका तासात शिकवलं होतं. परीक्षेला आलं नाही, पण माझ्या लक्षात राहिलं.

मी फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. उचलला नाही.

मग क्लिनिकच्या डॉक्टरांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन केला.

“कडू दुधीचा रस प्यायल्या आहेत. एकापेक्षा जास्त ग्लास.”

“त्रास काय होतोय?”

“माहीत नाही. फोन उचलत नाहीत.”

“मग तुला त्रास होतोय, त्यांना नाही. सकाळी सकाळी लोकांना घाबरवत जाऊ नको. तू डाएटिशियन आहेस, डॉक्टर नाहीस.”

“सर, त्यांना बीपीची गोळी चालू आहे.”

“ठीक आहे. घरी जाऊन बघ. बीपी मोजून मला सांग.”

खरांगण्याच्या पुढे रेंज गेली. मे महिन्याचं ऊन सकाळीच खिडकीतून आत आलं होतं. बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती. एक आजोबा टोपलं घेऊन चढले आणि कंडक्टरशी हुज्जत घालत बसले. मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की लवकर करा. मी फोनवर रेंज आली का ते बघत राहिले.

आर्वीला उतरले तेव्हा वंदनाताईंचा फोन लागला. उचलला शोभाकाकूंनी. शोभाकाकू ग्रुपच्या पुढारी. आयुष्यभर शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. गावात अर्ध्या लोकांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं आहे.

“वंदी आराम करून राह्यली,” त्या म्हणाल्या. “उलटी झाली, दोन-चार खेपा बाथरूमात गेली. चांगलंच झालं. आतली घाण बाहेर पडून राह्यली.”

मी ऑटो केला.

वंदनाताई हॉलमधल्या दिवाणावर पडल्या होत्या. खाली बादली. शेजारी शोभाकाकू आणि ग्रुपमधली अजून एक बाई, हातात लिंबूपाण्याचा गिलास. पंखा फुल होता. घरात माणसाला घाम फुटेल असं गरम होत होतं. मी वंदनाताईंचा हात धरला. हात थंड होता आणि ओला होता. ते मला अजून आठवतं.

“मॅडम, तुम्ही काऊन आल्या?” त्या पुटपुटल्या. “मी येणारच होती ना वजनाले.”

माझ्या बॅगेत बीपीचं मशीन असतं. पट्टा बांधला. मशीनने पहिल्यांदा एरर दाखवला. दुसऱ्यांदा आकडा आला. बीपीचे दोन आकडे असतात. वरचा आकडा निरोगी माणसात एकशेवीसच्या आसपास असतो. त्यांचा ऐंशीच्या खाली होता.

“यांना आत्ता दवाखान्यात न्यावं लागेल,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच नीट ऐकू आला नाही.

“कायले?” शोभाकाकू म्हणाल्या. “सफाई होते तवा अशक्तपणा येतेच. कडू औषध लागू पडलं म्हणजे असंच होते. कडूलिंब नाई खात का आपण पाडव्याले? कारलं नाई खात? तुमी आजकालच्या पोरी जरा काही झालं की सलाईन.”

“काकू, ही लवकी वेगळी...”

“माह्या परसातल्या वेलाची हाये. खत नाई, फवारा नाई. पहिलं फळ. वंदीची पाळी होती म्हणून सकाळी तोडून इच्या हातात देल्लं. आज माहा उपास नसता तं पहिला गिलास मीच पेली असती.”

तेव्हा मला सगळं कळलं. बाकीच्यांना कडू लागलं, त्यांनी गिलास खाली ठेवले. रस वंदनाताईंच्या घरी झाला होता. दुसरीने प्रेमाने दिलेलं वेलाचं पहिलं फळ तिच्याच डोळ्यादेखत मोरीत कसं ओतणार? म्हणून घरच्या बाईने सगळे गिलास संपवले. मुकाट्याने.

मी नवऱ्याला, रमेशभाऊंना, फोन लावला.

“आलोच मॅडम. दुकान आत्ताच उघडलं. बोहनी तं होऊ द्या.”

पहिलं गिऱ्हाईक झाल्याशिवाय शटर ओढत नाहीत, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, “बरं.” फोन ठेवला. आणि मला माझी स्वतःची भीती वाटली. मी अशीच ‘बरं’ म्हणत राहिले तर ही बाई माझ्यासमोर जाईल.

वाद घालून मी शोभाकाकूंशी जिंकणार नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले. उरलेली अर्धी लवकी ओट्यावर होती. मिक्सरशेजारी आलं, पुदिना, लिंबाची सालं, काळं मीठ. एवढं सगळं घातल्यावरही रस कडू लागला होता. मी लवकीची नखाएवढी फोड कापली आणि बाहेर आले.

“काकू, ही जिभेला लावा फक्त. गिळू नका.”

“मले काय करते?”

“लावून बघा.”

त्यांनी फोड जिभेला लावली. तोंड वाकडं झालं. त्या धावत मोरीवर गेल्या, थुंकल्या, चूळ भरली, पुन्हा थुंकल्या. परत आल्या तेव्हा मास्तरीण कुठे गेली ते कळलं नाही. तोंड पुसत एक म्हातारी बाई उभी होती.

“हे इनं पेलं?” त्या म्हणाल्या. “गिलास गिलास?”

त्याच वेळी वंदनाताईंना उलटी झाली. बादलीत लाल दिसलं.

पुढचं शोभाकाकूंनी केलं. माझ्या हातातला फोन घेतला आणि रमेशभाऊंना म्हणाल्या, “रम्या, मसणात गेली तुही बोहनी. ऑटो घेऊन ये.” ते पाचवीत त्यांच्या वर्गात होते. ते आले.

मी बॉसना बीपीचा आकडा सांगितला, रक्त सांगितलं. या वेळी त्यांनी प्रश्न विचारला नाही. “सरकारी दवाखान्यात घे. मी तिथल्या ड्युटी डॉक्टरला आत्ता फोन करतो. पाणी, लिंबू, तोंडाने काही देऊ नका.” आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही हातांना सलाईन लावायची तयारी झालेली होती. बीपी थोडं वर आलं, पुन्हा खाली गेलं. तिथल्या डॉक्टरांनी वर्ध्याला हलवायचं ठरवलं.

अँब्युलन्समध्ये रमेशभाऊ आणि मी. ज्या रस्त्याने मी सकाळी आले त्याच रस्त्याने परत. उताऱ्याचं औषध नसलं की डॉक्टर शरीराला वेळ मिळवून देतात. सलाईनने बीपी धरून ठेवायचं, पोटाच्या जखमेचं औषध द्यायचं आणि वाट बघायची. मी सलाईनच्या थेंबांकडे बघत होते. रमेशभाऊ बायकोच्या पायाचे तळवे घासत होते आणि सारखं विचारत होते, “मॅडम, वाचते ना?” मला हो म्हणता येत नव्हतं. खोटं बोलायला मला कधीच जमलेलं नाही.

वंदनाताईंनी डोळे उघडले. मला वाकायला सांगितलं.

“याइले सांगजा,” त्या म्हणाल्या, “काकूले काई बोलू नका म्हणा.”

मग डोळे मिटले. त्यानंतर वर्धा येईपर्यंत मी त्यांच्या नाडीवरचं बोट काढलं नाही.

त्या वाचल्या. काही दिवस आयसीयूत होत्या. घशातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट तपासलं, तेव्हा आतमध्ये भाजल्यासारख्या जखमा दिसल्या. त्या हळूहळू भरल्या. घरी आल्यावर पहिल्यांदा क्लिनिकमध्ये आल्या, त्या सरळ वजनकाट्यावर चढल्या.

“पाहा मॅडम, हालला का नाई काटा?”

हलला होता. मी सांगितलं की हे पाणी आणि ताकद गेलेली आहे, चरबी नाही. परत येईल. आलंही. मग भाकरी, भाजी, चालणं यांवर ते पुन्हा सावकाश उतरायला लागलं. यात सांगण्यासारखं काही घडत नाही, म्हणून कोणी त्याचे व्हिडिओ बनवत नाही.

शोभाकाकूंनी वेल मुळासकट उपटला. ग्रुपचा रस बंद झाला, चालणं चालू आहे. मी आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर चालते. बोलत फारशी नाही. बॉसनी माझं कौतुक केलं नाही. मात्र कडू दुधीबद्दल एक मोठा कागद क्लिनिकच्या भिंतीवर लावायला सांगितला.

कोशिंबीर करताना आपण काकडीचं टोक कापतो आणि आधी तोंडात टाकून बघतो. कडू लागली तर थुंकतो. तीच सवय लवकीला लावायची, एवढंच. भाजी करा नाहीतर रस, कापल्यावर एक छोटी फोड जिभेला लावा. शिजवून किंवा मीठ-लिंबू घालून तो कडूपणा जात नाही. कडू लागली तर फेकून द्या. वेल कोणाचाही असो, आणि देणारी समोर बसलेली असो.